भिंतीवरून जाणारी नळी

मागच्या वर्षी संक्रांत झाल्यावर मी शेजारच्या मावशीवर पाणी विकल्याचा आळ घेतला. आळ खोटा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. चिडकी बाई आहे मी, शाळेतली पोरंसुद्धा मला वचकून असतात, आणि आजवर त्या चिडकेपणाचा मला थोडा अभिमानच वाटत आला. आता वाटत नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. माझी शाळा इथून तासाभरावरच्या खेड्यात. सकाळी एसटीनं जायचं, दिवेलागणीला परतायचं. नवरा परभणीला बियाण्याच्या दुकानात कामाला, तो सकाळच्या रेल्वेनं जातो. मुलगी लग्न होऊन गेली. म्हणजे दिवसभर घराला कुलूप. आणि ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही कधी येईल ते वरच्यालाच ठाऊक, त्या गावात दिवसभर कुलूप असलेल्या घरानं जगायचं कसं, हा प्रश्न आम्हाला बारा वर्षं पडलाच नाही. त्याचं कारण मावशी.

बाजूच्या भिंतीपलीकडे तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या. ती माझी कुणी लागत नाही. अख्खी गल्ली तिला मावशी म्हणते. दिवाळी झाली की तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, ते उन्हं कडक झाल्यावर परततात. पूर्वी तीही जायची. वीस-बावीस वर्षं मोळ्या डोक्यावर वाहून गुडघे गेले, तेव्हापासून ती घर राखत एकटी असते. वयानं माझ्या आईएवढी. तरी मी तिला 'अगं मावशी' म्हणायचे आणि ती मला 'अहो बाई'. मी मास्तरीण, म्हणून. तेव्हा ते मला कधी खटकलं नाही.

तिच्या घराला नळ नव्हता. नळ घ्यायचा तर घराचा उतारा लागतो, आणि जागा तिच्या मयत दिराच्या नावावर, वारस तीन गावांत पांगलेले. आमच्याकडे नळ होता, माणूस नव्हतं. तेव्हा कुणीही बसून न ठरवता असं ठरत गेलं की आमच्या फाटकाची एक किल्ली मावशीकडे राहायची. आमचा नळ कायम उघडा. इथं सगळ्यांचेच नळ कायम उघडे असतात. नळाला तोटी असते, पण ती फिरवायची पद्धत नाही, कारण तोटी बंद केली तर पाणी आलं हे कळणार कसं? नळाखाली जर्मनचं पातेलं पालथं घालून ठेवायचं, आणि घरातल्या कुणीतरी कान तिकडे ठेवून कामं करायची. आमच्या घराचे कान म्हणजे मावशी. पातेल्यावर धार पडली की ती भाकर तव्यावर टाकून यायची, आधी आमचा हौद भरायची, स्वयंपाकघरातले हंडे भरायची, आणि मग काळी नळी भिंतीवरून पलीकडे टाकून आपलं एक टिपाड, म्हणजे पाण्याचं पिंप, आणि दोन घागरी. बस्स. बारा वर्षांत आमचा हौद अर्धा राहिल्याचं मला आठवत नाही.

मी तिला संक्रांतीला लुगडं घ्यायचे, सणाला पुरणाची पोळी द्यायचे. मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करते आहे. तिलाही कदाचित वाटत असेल की ती माझ्यावर करते आहे. दोघींचं बरं चाललं होतं.

मग गावाचं पाणी खाजगी कंपनीकडे गेलं. आधी नगरपालिका वर्षातून एकदा पाणीपट्टी घ्यायची, ठरलेली, पाणी आलं तरी तेवढीच आणि न आलं तरी तेवढीच. लोक शिव्या देत भरायचे. आता सगळं बदलणार म्हणाले. रोज पाणी, स्वच्छ पाणी, जेवढं वापराल तेवढंच बिल. गल्ली दोनदा खोदली. पहिल्यांदा पाण्याच्या पाइपसाठी, बुजवून महिना होतो न होतो तोच सांडपाण्याच्या पाइपसाठी. पावसाळाभर आम्ही चिखलातून चपला हातात घेऊन एसटी स्टँडवर गेलो. पाणी मात्र रोज काही येईना. आठ दिवसांचं सहा दिवसांवर आलं, पुन्हा आठांवर गेलं. बदललं ते एकच. फाटकाजवळ भिंतीला लोखंडी पेटी बसली, आत काचेचं गोल मीटर, त्यात एक बारीक लाल चक्र.

बिल आता तीन महिन्यांनी येऊ लागलं. त्यात दोन ओळी. एक पाणी आकार, दुसरी सांडपाणी आकार. दुसरी ओळ पहिलीच्या मापानं वाढायची, म्हणजे जितकं पाणी घरात आलं तितकंच घाण होऊन बाहेर गेलं असं कंपनीनं गृहीत धरलेलं. आमची मोरी तर अजूनही समोरच्या उघड्या नालीतच जात होती. नवा पाइप जमिनीखाली होता, पण आमची मोरी त्याला जोडायला कुणी आलंच नव्हतं. समोरचे काका रस्त्यात उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "नाली आमची, डास आमचे, अन् आकार यांचा!" सगळे हसले. मीही हसले. पहिलं बिल सरासरीनं आलेलं होतं, बेताचं होतं, त्यामुळे हसायला परवडत होतं.

दुसरं बिल आलं आणि माझं हसू गेलं. जुन्या वर्षभराच्या पाणीपट्टीहून तीन महिन्यांचं बिल जास्त. आम्ही दोन माणसं, दिवसभर घराबाहेर. मी बिल घेऊन शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर तशीच कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथं काउंटरमागे एक तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मला समजावणीच्या सुरात, जसं मी पालकांशी बोलते तसं, म्हणाला, "मॅडम, मीटर आहे ते. वापर झाल्याशिवाय आकडा पुढं जात नाही. दुसरं कुणी भरतं का तुमच्या नळावर, ते बघा. अन् दुसऱ्याला पाणी दिलेलं सापडलं तर नियमानं कनेक्शन तोडावं लागतं, हे पण लक्षात ठेवा."

दुसरं कुणी भरतं का. ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. घरी येईपर्यंत मी तपास पूर्ण केला होता. मावशीच्या घराशेजारी एका बंगल्याचं बांधकाम चालू होतं. तिथं दोन टिपाडं असायची, आणि ती भरलेली मी स्वतः पाहिली होती. बांधकामाला पाणी लागतं. पाणी विकत मिळतं. मावशीकडे माझ्या फाटकाची किल्ली आहे, नळी आहे, आणि दिवसभर माझं घर मोकळं आहे. मला सगळं लख्ख दिसायला लागलं. चिडलेल्या माणसाला फार स्पष्ट दिसतं, हे मी तेव्हा शिकले नाही, नंतर शिकले.

मी फाटकातूनच तिला हाक मारली. ती हात पुसत आली. हाताला पीठ होतं. मी तिला आत ये म्हटलं नाही, फाटकातच उभं ठेवून बिल तिच्यापुढं धरलं, जसं काही तिला वाचता येणार होतं.

"मावशी, आमच्या नळाचं पाणी तू कुणाकुणाला देतेस?"

तिला आधी कळलंच नाही. "म्हंजी?"

"बांधकामावर देतेस का? खरं सांग. दिलं असशील तर सांगून टाक, मी काही म्हणणार नाही."

हे 'काही म्हणणार नाही' मी वर्गात शंभरदा म्हटलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर बरंच काही म्हटलेलं आहे. मावशीनं पिठाचे हात एकमेकांवर चोळले. मग हळू म्हणाली, "बाई, म्या एक घागर बी कुनाला दिली न्हाई. माझं टिपाड अन् दोन घागरी. गंगामायची आन."

आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि तिची शपथ कुणी उगाच घेत नाही. मला ते माहीत होतं. तरी मी म्हणाले, "मग एवढं पाणी गेलं कुठं? आम्ही दोघं प्यालो का?"

तेव्हा ती पेटीजवळ गेली. लोखंडी झाकण उचलून बोटानं काच दाखवत म्हणाली, "हे चक्र हाय ना, ते वाऱ्यानं बी फिरायलंय बाई. पानी यायच्या आदी नळातून वारा येतो ना, फुस्स करून, तवा हे गरागरा फिरतंय. म्या दोन-तीन बारी बघितलंय. म्या तुमाला सांगणारच व्हते."

मी हसले. ते हसू मला आजही आठवतं. मी म्हणाले, "मावशी, मी पोरांना विज्ञान शिकवते. मीटर म्हणजे काय जत्रेतली भिंगरी आहे का, वाऱ्यानं फिरायला? काहीतरी सांगू नकोस मला."

गल्लीतली दोन-तीन दारं तोवर किलकिली झाली होती. मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. लुगड्याच्या घडीतून आमची किल्ली काढली, पिठाचा हात आधी पदराला पुसला, आणि किल्ली फाटकाच्या खांबावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही. मग भिंतीवरची नळी ओढून घेतली, तिचं वेटोळं करून आमच्या बाजूला टाकलं, आणि म्हणाली, "पिल्या पान्याला म्या बेइमान व्हणार न्हाई, बाई." एवढंच. घरी गेली.

संध्याकाळी नवरा आला. त्याला मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. तो गरीब माणूस आहे, माझ्याशी वाद घालत नाही. त्या दिवशी मात्र जेवताना हात थांबवून म्हणाला, "इतकं बोलायला नको होतंस तू." मी म्हटलं, "मग बिल तुम्ही भरा." बिल त्यानंच भरलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी रेल्वेच्या पलीकडे बोअरवर जाऊ लागली. तिथं मारुतीच्या देवळापाशी एक हातपंप आहे, पाणी जरा मचूळ, पण बारा महिने येतं. तिच्या घरापासून पाऊण किलोमीटर तरी असेल, मध्ये रूळ. मी एसटीला निघायचे तेव्हा ती परतत असायची. डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी. रुळांपाशी थांबायची, कमरेवरची घागर खाली ठेवायची, एका हातानं डोक्यावरची धरून गुडघ्याला हात लावून रूळ ओलांडायची, परत येऊन दुसरी घ्यायची. माझ्याशी नजर झाली तर मान हलवायची, नेहमीसारखी. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला थांबवलं नाही. रोज ठरवायचे की आज बोलायचं, आणि रोज एसटी यायची. खरं सांगायचं तर मला तिच्याकडून पहिला शब्द हवा होता. तिनं येऊन 'चुकलं' म्हणावं, मी उदारपणे नळी परत टाकावी. ज्या बाईनं काही केलंच नव्हतं तिच्या माफीची मी वाट पाहत होते.

आमचे हाल सुरू झाले ते वेगळेच. आता पाणी आलं हे ऐकायला घरात कुणी नाही. मी नळीचं एक टोक नळाला बांधून दुसरं हौदात सोडलं आणि नळ उघडा ठेवून जाऊ लागले. कधी हौद भरून अंगणभर पाणी, तिथून फाटकाखालून नालीत. कधी नळी निसटलेली आणि हौद कोरडा. एकदा आठ दिवसांचं सगळं पाणी नालीत गेलं आणि आम्ही टँकरवाल्याच्या हातापाया पडलो. त्या वेळी टँकरवाला म्हणाला, "शेजारच्या बांधकामाला मीच देतो पाणी, त्यांचं झालं की तुमच्याकडे येतो." मी ते ऐकलं. ऐकून घरात आले आणि मोरीच्या कठड्यावर बसले. तरीसुद्धा मावशीकडे गेले नाही. मनाची समजूत घातली की आता घेत असतील टँकर, आधी घेत नसतील. माणूस स्वतःला वाचवायला काय काय शोधून काढतो.

मग तिसरं बिल आलं. मावशीनं आमच्या नळाला हात लावून तीन महिने होत आले होते, आणि बिल दुसऱ्याइतकंच, उलट थोडं जास्त.

आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. मी त्या रविवारी घरी थांबले. पाण्याची पाळी होती. सकाळची कामं उरकून फाटकाजवळ स्टूल टाकून बसले, पेटीचं झाकण उघडून. नऊच्या सुमारास नळातून आवाज सुरू झाला. फुस्स. मग खोकल्यासारखं काहीतरी, मग परत लांबच लांब फुस्स. नळाच्या तोंडाशी हात नेला तर वारा लागत होता, चांगला जोरकस. एक थेंब पाणी नाही. आणि काचेखाली ते लाल चक्र गरागरा फिरत होतं, आकडे एकावर एक चढत होते. मी घड्याळात पाहिलं नाही, पण चुलीवरचं दूध उतू जाऊन वास आला तरी मी उठले नाही, इतका वेळ ते चाललं. मग पाणी आलं, आणि पाणी आल्यावर चक्र हळू झालं. पाण्यापेक्षा वाऱ्यानं ते जोरात फिरत होतं.

विज्ञान शिकवते मी. हवा जागा व्यापते, हवेला दाब असतो, हा धडा मी दरवर्षी पेला पालथा घालून शिकवते. निरक्षर बाईनं उभ्या उभ्या पाहून जे सांगितलं ते मला तीन महिन्यांनी, स्टुलावर बसून, डोळ्यांनी बघावं लागलं. मला रडू आलं, पण ते तिच्यासाठी होतं की माझ्या अकलेसाठी, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

सोमवारी रजा टाकून ऑफिसात गेले. तोच तरुण माणूस. या वेळी त्यानं मला समजावलं नाही, खालच्या आवाजात म्हणाला, "हो मॅडम, तसं होतं. लाइन रिकामी असली की आधी हवा येते. नळ बंद ठेवायचा अन् पाणी आलं की उघडायचा."

"पाणी आलं हे कळायचं कसं?"

तो याच गावचा असावा, त्याच्याही घरी नळ उघडाच असणार. त्यानं एक छापील अर्ज दिला. मीटर हवेमुळे फिरतं अशी तक्रार लिहायची, आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणायच्या. मग दुरुस्ती होईल, आणि पाण्याचं बिल कमी झालं की सांडपाण्याचंही आपोआप होईल.

आता पुढं मी जे केलं ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मावशीची माफी मागायची हे मी रविवारीच ठरवलं होतं. पण सोमवारी संध्याकाळी मी तिच्या दारात गेले तेव्हा माझ्या हातात तो अर्ज होता. समोरच्या काकांची सही मी आधीच घेतली होती. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं, पण कंपनीच्या विरुद्ध म्हटल्यावर ते कशावरही सही करतील. दुसरी सही पाहिलेल्या माणसाची असावी असं मला वाटलं. पाहिलेलं माणूस गावात एकच होतं. आधी माफी मागायला जाऊन दुसऱ्या दिवशी कागद नेता आला असता. एका खेपेत दोन कामं उरकायची सवय मला एसटीनं लावली आहे.

मावशी दारात बसून ज्वारी निवडत होती. कमरेवर पदराखाली काहीतरी जाड घडी घातलेली दिसली. घागरीनं कंबर सोलली असावी. मी खाली बसले. म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. तू म्हणत होतीस तेच खरं. चक्र वाऱ्यानं फिरतं. मी काल बघितलं."

"हां," ती म्हणाली. "म्या सांगितलं व्हतं."

आवाजात टोचणी नव्हती. सूप तसंच हलत राहिलं. मी आणखी काय काय बोलले. बिलाचं, डोक्याला ताप असतो त्याचं, गल्लीसमोर बोलायला नको होतं त्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहून विचारलं, "हे काय हाय?"

सांगावं लागलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "माझ्या अंगठ्यानं तुमचं बिल कमी व्हईल का?"

"होईल."

"मग घ्या की."

माझ्या पर्समध्ये शाळेची शाईची डबी होती, पोषण आहाराच्या वहीवर बायांचे अंगठे घ्यायला ठेवलेली. मी तिचा अंगठा धरून कागदावर टेकवला. त्या अंगठ्याच्या रेषा उसानं घासून गेलेल्या, नुसता काळा डाग उमटला. दुसऱ्यांदा घेतला, तसाच. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "माझा असाच येतो. रेशनवाल्याच्या मशीनवर बी येत न्हाई."

मग मी म्हणाले, "मावशी, मी नळी परत टाकते भिंतीवरून. किल्लीही आणली आहे." किल्ली खरंच आणली होती. पुढं केली.

तिनं हात पुढं केला नाही. "न्हाई बाई. माझं भागायलंय."

"कसलं भागतंय? त्या रुळांवरून, या गुडघ्यांनी? मी रोज बघते."

"बघता ना," ती म्हणाली. एवढं बोलून थांबली, आणि मला वाटलं आता ती बोलेल, रागावेल, मला हवं होतं ते मिळेल. पण ती पुन्हा साध्या आवाजात म्हणाली, "बोअरवर कुनी इचारत न्हाई, किती नेलं अन् कुनाला दिलं. म्हातारपणी तेवढं बरं वाटतंय. तुमच्या मीटराचं बघा तुमी. चहा टाकू का?"

चहा तिनं केलाच. बोअरच्या मचूळ पाण्याचा चहा. मी तो संपवला.

अर्ज मंजूर झाला. पुढच्या बिलात बरीच वजावट आली, सांडपाणी आकारही घटला, अगदी त्या माणसानं सांगितलं होतं तसं. नवऱ्याला दाखवलं तर तो "बरं झालं" म्हणाला आणि बिल घडी करून कपाटात ठेवलं. काळा डाग असलेल्या त्या कागदाची झेरॉक्सही त्यातच आहे.

मधल्या काळात, वैशाखात, तिचा मुलगा आणि सून तोडीवरून आले. ती बोअरवर जायची बंद झाली, सून जाऊ लागली. सुनेला काही ठाऊक नसावं. मला पाहून ती पूर्वीसारखीच हसते. दिवाळीनंतर ते परत गेले आणि मावशी पुन्हा घागरी घेऊन निघाली. त्या थंडीत एक दिवस मला राहवलं नाही. आमच्याकडे पाणी आलेलं होतं, मी घरी होते. तांब्याचा मोठा हंडा घासला, काठोकाठ भरला, वर स्वच्छ ताट झाकलं आणि कमरेवर घेऊन तिच्या घरी गेले. कडी लावलेली होती, ती बाहेर गेली असावी. हंडा तिच्या उंबऱ्याशी ठेवला. आता आणून ठेवलंय तर काय टाकून देईल, असा माझा हिशोब होता. तेवढ्या चार पावलांत कंबर भरून आली, तेव्हा बोअरपासूनचं ते पाऊण किलोमीटर मला पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हंडा आमच्या फाटकाबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेला. तिनं तो त्या गुडघ्यांनी उचलून आणला होता. झाकलेलं ताट तसंच. मला वाटलं रिकामा असेल, आमच्याकडे भांडं परत करताना घासून देतात. उचलायला गेले तर जड लागला. ताट काढून पाहिलं. पाणी काठापर्यंत होतं, मी भरलं होतं तसंच.

नवरा आला तेव्हा मी अजून तिथंच उभी होते. त्यानं हंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. दोघांनी धरून हंडा आत नेला. पुढचे तीन दिवस आम्ही तेच पाणी प्यायलो, कारण नळाला यायला अजून आठवडा होता.